यकृतातली चरबी उतरेपर्यंत

माझा धाकटा भाऊ कुकरची रिंग आणायला म्हणून जबलपुरातच घमापुरला निघाला आणि चाळीस किलोमीटर दूर सिहोऱ्याच्या बस स्टँडवर सापडला.

दुपारचे तीन वाजले असतील. मी शाळेतून नुकतीच घरी आले होते. त्याच्या नंबरवरून फोन आला, पण आवाज दुसऱ्याच कुणाचा. "दीदी, ये भैया यहाँ बैठे हैं, बता नहीं पा रहे कि जाना कहाँ है. आपका नंबर सबसे ऊपर था." स्टँडवरचा चहावाला होता तो. मी ह्यांना ऑफिसातून बोलावून घेतलं आणि आम्ही दोघं गाडी घेऊन निघालो. भाऊ बाकड्यावर शांत बसला होता. एका पायात चप्पल, दुसरी बाकड्याखाली. पाय इतका सुजला होता की ती चढतच नव्हती. मला पाहून म्हणाला, "ताई, तू काहून आली? बाबा गेलेत ना तिकीट काढायला."

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली होती.

परतीच्या वाटेवर तो मागच्या सीटवर झोपला. मी सारखी वळून त्याच्या छातीकडे बघत होते, श्वास चालू आहे ना म्हणून. हे म्हणाले, "समोर बघ, मान आखडेल." पण मला समोर बघवत नव्हतं.

त्याच्या लिव्हरला चरबी चढली आहे हे आम्हाला दोन-अडीच वर्षं माहीत होतं. माहीत होतं म्हणजे रिपोर्टमध्ये लिहिलेलं होतं. त्याला साखरेचा आजार होता, गोळ्या घ्यायचा, विसरायचा. तो डिफेन्सच्या फॅक्टरीत मशीनवर काम करायचा. सकाळी समोसे, संध्याकाळी मुगाच्या डाळीचे तळलेले मुंगोडे, जेवणानंतर काहीतरी गोड, असं त्याचं सगळं आयुष्य गेलेलं. दारूच्या थेंबाला त्यानं कधी हात लावला नव्हता. तरी त्या दिवसानंतर जो भेटेल तो आवाज खाली करून एकच विचारायचा, "पीते थे क्या?" भावजय सुरुवातीला समजावून सांगायची. पुढे पुढे ती नुसती मान हलवायला लागली. ती मान हो म्हणते की नाही, हे विचारणाऱ्यालाही कळत नसे.

जबलपुरच्या डॉक्टरांनी सांगितलं की लिव्हर आकसून दगडासारखं झालं आहे. मी बावीस वर्षं जीवशास्त्र शिकवते. यकृत ही शरीरातली सर्वांत मोठी ग्रंथी, उजव्या बरगड्यांच्या आड, श्वासपटलाच्या खाली, हे मी झोपेतही सांगेन. पण त्या दिवशी डॉक्टर बोलत होते आणि मला प्रत्येक वाक्य पहिल्यांदाच ऐकल्यासारखं वाटत होतं. आपण जे खातो त्यातून आतड्यांत जे काही रक्तात उतरतं, ते सगळं एका जाड शिरेनं आधी यकृताकडे जातं. तिथं ते गाळलं जातं, साठवलं जातं, आणि त्यातल्या विषारी अमोनियाचा युरिया होऊन तो लघवीवाटे निघून जातो. भावाच्या यकृतातून रक्ताला वाटच उरली नव्हती. ते आडवाटांनी, न गाळताच पुढे जात होतं आणि डोक्यापर्यंत पोचत होतं. म्हणून तो घमापुर सोडून सिहोऱ्याच्या बसमध्ये बसला. यकृत रक्तातलं प्रथिनही बनवतं. ते कमी पडलं म्हणून पाणी पायात आणि पोटात उतरत होतं. जरा धक्का लागला की अंगावर निळे डाग पडायचे, कारण रक्त गोठायला जे लागतं तेही तिथेच तयार होतं.

"ट्रान्सप्लांट के लिए नागपुर दिखा लीजिए," डॉक्टर म्हणाले. "घर में से कोई देने वाला हो तो जल्दी हो जाएगा."

नागपुरला आम्ही चौघं गेलो. भावजयीचा रक्तगट जुळला नाही. त्यांचा मुलगा अकरावीत, म्हणजे वयात बसत नव्हता. हॉस्पिटलच्या लांबलचक गलियाऱ्यात भावजय माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "ताई, तुमचा आणि ह्यांचा ग्रुप एकच आहे ना?"

"हो," मी म्हटलं.

मला विचारणं म्हणतात ते एवढंच झालं. परत येताना वाटेत सिवनीला चहाला उतरलो, तेव्हा हे माझ्याजवळ आले. मग म्हणाले, "तू हो म्हणालीस?"

"मला कुणी विचारलंच नाही."

"तेच म्हणतोय मी," हे म्हणाले आणि चहाचे पैसे द्यायला गेले.

तपासण्या सुरू झाल्या. रक्त, हृदय, फुप्फुसं, मग सीटी स्कॅन. मी तेव्हा एकोणपन्नासची होते, वयाच्या अटीत जेमतेम बसत होते. सर्जननी संगणकावर माझ्या पोटाचं चित्र दाखवलं. ते नागपुरचेच होते, मराठीत बोलले. "मॅडम, हे तुमचं यकृत. आकार चांगला आहे, शिरा चांगल्या आहेत. पण ह्याच्यात चरबी आहे. असं यकृत कापून अर्ध्याहून जास्त द्यायचं म्हणजे उरलेल्या भागाला तुमचा भार पेलणार नाही, आणि दिलेल्या भागाला त्यांचा."

मी त्या करड्या चित्राकडे बघत राहिले. म्हणजे माझंही तेच होतं. एकाच स्वयंपाकघरात वाढलो होतो आम्ही. आई दोघांच्याही ताटात सारखंच तूप वाढायची.

"दोन महिने देतो," सर्जन म्हणाले. "सात-आठ किलो उतरवा. तळलेलं बंद, गोड बंद, भात अगदी थोडा, रोज तासभर जोरात चालायचं. वजन उतरायला लागलं की यकृतातली चरबी लवकर उतरते. मग पुन्हा बघू."

"आणि तोवर ह्यांचं काय?" भावजयीनं विचारलं.

"तोवर त्यांना सांभाळायचं," ते म्हणाले.

आमची घरं जबलपुरच्या आधारताल भागात, मधे दोन गल्ल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला भावजय माझ्या दारात उभी. पायात मुलाचे कॅनव्हासचे बूट. आमचं दोघींचं कधी फारसं जमलं नव्हतं. भांडण असं नव्हतं, पण मी बोलते फार आणि ती बोलतच नाही, त्यामुळे वीस वर्षांत आमचं बोलणं सणासुदीपुरतंच झालं होतं. आता ती रोज माझ्या अर्धं पाऊल पुढे चालायला लागली. तलावाच्या कडेनं, मग मोठ्या रस्त्यानं, मग परत. मी हळू झाले की ती मागे बघायची नाही, फक्त स्वतःचा वेग कमी करायची. परत आलो की माझ्या घरातल्या काट्यावर मला उभं करायची. "किती?" मी आकडा सांगायची. ती मान डोलावून घरी जायची, त्याला औषधाचं गोड पातळ सिरप द्यायला. ते दिलं की त्याचं पोट साफ व्हायचं आणि डोकं ठिकाणावर राहायचं.

मला कुठेच बसवत नव्हतं. बसले की हात आपोआप बरगड्यांखाली जायचा. काही लागायचं नाही, दुखायचं तर नाहीच. यकृत दुखत नाही, हेच तर त्याचं वाईट. स्टाफरूममध्ये कुणाच्या तरी वाढदिवसाचा डबा फिरायचा आणि माझ्यापाशी येऊन पुढे जायचा. "दीदी, आप मत लीजिए." सगळ्या शाळेला माझ्या पोटातली चरबी माहीत झाली होती. दहावीच्या वर्गात पचनसंस्था शिकवत होते, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "मैडम, लिवर आधा काट दो तो फिर से उग जाता है ना?"

"बढ़ जाता है," मी म्हटलं.

"और नहीं बढ़ा तो?"

मी म्हटलं, "पन्ना पलटो." आणि पुढचा धडा काढला, जो त्या दिवशी शिकवायचा नव्हता.

भावजय कधी कधी स्वयंपाकघरातही यायची. एक दिवस कढईत डोकावून म्हणाली, "ताई, पोह्यात दाणे जास्त दिसून राहिले."

मी झाकण इतक्या जोरात ठेवलं की हे बाहेरून धावत आले.

त्याच आठवड्यात मी ते केलं. शाळा सुटल्यावर ऑटो मधेच सोडली, बाजारात उतरले आणि एका दुकानासमोर उभी राहून पाव किलो खव्याची जिलबी खाल्ली. काळीशार, गरम, पाक मनगटापर्यंत ओघळलेला. भूक नव्हती. चवही नीट लागली नाही. चौथ्या-पाचव्या वेढ्याला मला कळलं की मी हे काहून करून राहिली. मला ती चरबी तशीच राहायला हवी होती. दोन महिन्यांनी सर्जननी चित्र बघून मान हलवावी आणि म्हणावं, मॅडम, नाही होत. मग कुणी मला काही म्हणणार नाही. मीही स्वतःला काही म्हणणार नाही.

दुकानाच्या नळावर हात धुतले. घरी येऊन पुन्हा धुतले.

दुसऱ्या दिवशी काट्यानं अर्धा किलो जास्त दाखवलं. भावजयीनं आकडा ऐकला आणि त्या दिवशी ती लगेच घरी गेली नाही. "चला, अजून एक चक्कर मारू," म्हणाली. तलावाच्या कोपऱ्यावर आलो तेव्हा ती पहिल्यांदा थांबली.

"ताई, मी तुमच्या जागी असती तर मलाही भेव वाटलं असतं."

मी बुटाची नाडी बांधायला वाकले.

"पण मी तुमच्या जागी नाही. मी माझ्या जागी आहे."

"तुला काय वाटतं, मी मुद्दाम करून राहिली?" माझा आवाज चढला. दूध घेऊन जाणारा एक माणूस वळून बघायला लागला.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "म्हणून तर रोज येते."

तिचा मला इतका राग आला की मी तिच्यापुढे निघून गेले आणि सबंध चक्कर तिला मागे ठेवून चालले. त्यानंतर मी खरोखर चालायला लागले. पश्चात्ताप वगैरे नव्हता तो. रागच होता, आणि पाय हलवत राहिलं की तो जरा आवरायचा. सकाळी तिच्याबरोबर, संध्याकाळी एकटी. उकडलेल्या भाज्या, दोन फुलके, ताक. हे गमतीनं म्हणायचे, "जिलबीचं नाव तरी काढ, नावानं वजन वाढत नाही." त्यांना काही माहीत नव्हतं. मी त्यांना आजपर्यंत सांगितलेलं नाही.

या दोन महिन्यांत भावाला दोनदा ॲडमिट करावं लागलं. पोटातलं पाणी सुईनं काढायचे. दंड माझ्या मनगटाएवढे झाले होते आणि डोळे हळदीच्या पाण्यासारखे.

साडेसात किलो उतरले. पुन्हा नागपुर, पुन्हा स्कॅन. सर्जननी जुनं चित्र आणि नवं चित्र शेजारी शेजारी लावलं. "छान. मेहनत घेतलीत तुम्ही. आता चालेल हे."

भावजयीनं ओढणी तोंडावर घेतली आणि ती भिंतीकडे वळली. तिचे खांदे हलत होते. मी खुर्चीत बसूनच होते. चरबी उतरली नसती तर बरं झालं असतं असं मला वाटून गेलं, आणि तसं वाटलं याची लाज वाटत होती.

त्यानंतर एका लहान खोलीत मला एकटीलाच बोलावलं. देणाऱ्यांशी बोलायचं काम करणारी एक तरुण बाई होती. तिनं दार लावून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "तुमची मनापासून इच्छा नसेल तर आत्ताही नाही म्हणू शकता. ऑपरेशनच्या टेबलावर जाईपर्यंत म्हणू शकता. आम्ही घरच्यांना एवढंच सांगू की यकृत जुळत नाही. खरं कारण आमच्याकडून कधीच कुणाला कळणार नाही."

"असं कुणी करतं?" मी विचारलं.

"करतात."

"मग?"

"मग आम्ही तसं सांगतो," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर मला दोष देणारं काहीच नव्हतं. असतं तर बरं झालं असतं.

मी चार वाजेपर्यंत वेळ मागितला.

वॉर्डात गेले तर भाऊ ताट ढकलून बसला होता. "मीठ नाही ह्याच्यात. लोणच्याची एक फोड तरी दे."

"मीठ खाल्लंस की पाणी भरतं. दहा वेळा सांगितलंय डॉक्टरांनी."

"दहा वेळा तूच सांगून राहिली. तू डॉक्टर आहेस का?"

"खा मुकाट्यानं."

"तुला काय, तुझं तर परत वाढते!"

मी खोलीबाहेर आले. गलियाऱ्याच्या टोकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. त्या छोट्या खोलीचं दार तिथंच होतं. आत जाऊन दोन शब्द बोलायचे होते फक्त. मग आठवलं की पर्स वॉर्डातच राहिली. ती घ्यायला आत गेले, तर त्यानं खिचडी अर्धी संपवली होती आणि तो खिडकीकडे तोंड करून बसला होता.

"ताई," तो न वळता म्हणाला, "कोणता भाग घेतील?"

मी पर्समधून पेन काढलं. स्कॅनच्या मोठ्या लिफाफ्यावर यकृत काढलं. उजवा भाग मोठा, डावा लहान. इथून धमनी येते, इथून आतड्याकडची जाड शीर, दोन्हीकडून रक्त मिळतं. मधे कापायची रेघ. "हा उजवा तुला. डावा माझ्याकडे राहील. दोघांचे आपापले वाढतील."

"आणि ही पिशवी?"

"पित्ताशय. उजव्या भागाच्या खालीच असतं, त्यामुळे तेही जाईल माझं."

"ते मला नको," तो म्हणाला.

"तुला कोण देऊन राहिलं? ते फेकतील."

आम्ही दोघंही हसलो. त्याला हसताना धाप लागली. मग लिफाफ्यावरच्या रेघेवर बोट ठेवून त्यानं विचारलं, "तुला दुखेल?"

इतक्या महिन्यांत हे त्यानं पहिल्यांदा विचारलं होतं.

"दुखेल."

"मी घाबरून राहिलो, ताई."

"मी पण," मी म्हटलं.

पावणेचारला मी त्या बाईला हो सांगितलं. का सांगितलं, ते मला आजही नीट मांडता येत नाही. पुढे अवयवदानाला परवानगी देणाऱ्या कमिटीसमोर कॅमेऱ्यात बघून मी पुन्हा सांगितलं की माझ्यावर कुणाचा दबाव नाही. त्या क्षणी तरी ते खरं होतं. ह्यांना नवरा म्हणून सही करायची होती. त्यांनी कागद तीनदा वाचला, सही केली आणि पेनचं टोपण लावायला विसरले. त्यांच्या शर्टाच्या खिशावर शाईचा डाग पडला, तो दिवसभर कुणाला दिसला नाही.

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा तहान आठवते, आणि उजव्या बाजूला कुणी जड पाटा ठेवला आहे असं वाटणं. खोकला आला की जीव जायचा. ह्यांनी उशी पोटाशी धरायला शिकवलं. मी पहिला प्रश्न विचारला तो त्याचाच, आणि हे म्हणाले, "त्याला बसवलेलं तुझं यकृत रक्त सोडल्याबरोबर गुलाबी झालं म्हणे. पित्त पण येऊन राहिलं." चौथ्या दिवशी त्यानं नर्सला स्वतःचा फॅक्टरीतला हजेरीचा तिकीट नंबर, स्कूटरचा नंबर आणि आमच्या बालपणीच्या क्वार्टरचा नंबर असे ओळीनं म्हणून दाखवले.

सगळं सुरळीत झालं असं नाही. त्याचं पित्त पित्तनलिकेच्या जोडावरून झिरपायला लागलं, नळी घालावी लागली, ताप आला, गेला, पुन्हा आला. मी तिसऱ्या आठवड्यात जबलपुरला परतले, तो पावणेदोन महिने तिथंच होता. तीन महिन्यांनी माझी सोनोग्राफी झाली. उरलेला डावा भाग फुगून जवळपास पहिल्याएवढा झाला होता. "आकार पहिल्यासारखा कधीच होत नाही," डॉक्टर म्हणाले. "कापलेला भाग परत उगवत नाही, उरलेलाच वाढतो. पण काम पुरं करतो."

आम्हा भावाबहिणीत त्यानंतर फार गोडी आली, असं मी म्हणणार नाही. उलट मला एक वाईट खोड लागली. एका लग्नात त्यानं पानातला पापड उचलला, लोणचं घेतलं, आणि मी दहा लोकांसमोर म्हटलं, "ठेव ते खाली."

त्यानं शांतपणे पापड मोडला. "आता ते माझं आहे, ताई."

दोन दिवस मी त्याचा फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी भावजय आली, म्हणाली, "ते बरोबर बोलले. पण मीठ मी बंद केलं आहे, तुम्ही काळजी करू नका."

तो फॅक्टरीत परत गेला आहे, हलक्या कामावर. सकाळी नऊ आणि रात्री नऊला त्याच्या गोळ्या असतात. शरीरानं ते परकं यकृत झिडकारू नये म्हणून त्या जन्मभर घ्यायच्या. मागच्या हिवाळ्यात त्याच्या रक्तातले आकडे अचानक वाढले. डोस बदलला, पुन्हा रक्त, पुन्हा डोस. त्या तीन आठवड्यांत मी घरातली सगळी कपाटं उपसून लावली. आकडे उतरले. दर महिन्याला ज्या दिवशी त्याचा रिपोर्ट यायचा असतो, त्या दिवशी मला वर्गात खुर्चीवर बसवत नाही, मी बाकांमधून फिरत शिकवते. भावजय दोन शब्द पाठवते, "ठीक आहे." कधी ती विसरते. मग मीच फोन करते, आणि तो म्हणतो, "अगं, जेवून राहिलो, मग बोलतो."

माझी स्वतःची या वर्षीची तपासणी राहून गेली आहे. हे रोज आठवण करून देतात. पुढच्या आठवड्यात नक्की जाते, असं मी त्यांना सांगितलं आहे.